बियाण्याला राखलेली एक भेंडी



जून उजाडला की शाळांच्या ग्रुपवर परसबागेचे फोटो सुरू होतात. मुलांच्या हातात रोपं, मागे मुख्याध्यापक, कडेला फलक. सप्टेंबरात दुसरा फोटो येतो, टोपलीभर भेंडी आणि हसरी लेकरं. त्यानंतर फोटो येत नाही. भाजी खिचडीत गेली, बाग संपली. मीही काही वर्षं असंच केलं, म्हणून हे कुणाला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. पण आता माझं मत असं झालंय की आपण बाग जिथे थांबवतो, तिथूनच तिचा खरा पाठ सुरू होतो.

झालं असं. चौथीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षीचं बी कुठून आणायचं?" मी म्हटलं, दुकानातून. "दुकानदार कुठून आणतो?" कंपनीकडून. "मग कंपनी कुठून आणते?" वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर जिभेवर आलंच नाही. आदल्याच आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला मी फळ्यावर गोल काढून शिकवलं होतं: बी, रोप, फूल, फळ, पुन्हा बी. फळ्यावर गोल पूर्ण होता. आमच्या बागेत मात्र तो फळापाशी तुटत होता, कारण फळ कोवळं असतानाच आम्ही तोडून खात होतो.

मुळात आम्हाला उगवायलाही नीट जमत नव्हतं. औंढ्याच्या आसपासची काळी चिकण माती तुम्हाला माहीत आहे. पाऊस पडला की पाणी धरते, उघडला की वर पापुद्रा धरून कडक होते. पहिल्या वर्षी सपाट वाफ्यात बी टोकलं, दोन दिवस झोडपून पाऊस झाला आणि बरंचसं बी जागेवरच कुजलं. दुसऱ्या वर्षी जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफे केले, शेणखत आणि थोडी वाळू मिसळली, भेंडीचं बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल लावलं. आठवड्याच्या आत ओळ दिसू लागली. मुलं रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी वाफ्याजवळ धावत जायची. तोवर उशिरा येणारी दोन पोरंही वेळेवर येऊ लागली.

त्या वर्षी ठरवलं की बागेतल्या सगळ्यात निरोगी झाडावरची एक भेंडी तोडायची नाही. एका मुलीने तिला लाल दोरा बांधला. स्वयंपाकी ताई दोनदा म्हणाल्या, "मॅडम, ही जून होऊ लागलीय, तोडू का?" मुलांनीच त्यांना अडवलं. फूल गळल्यापासून साधारण महिनाभर वाट पाहावी लागली. शेंग आधी राठ झाली, मग तपकिरी, मग शिरांवर उकलू लागली आणि हलवली की आत बी खुळखुळायला लागलं. फोडून मोजलं तर पन्नासच्या आसपास बिया निघाल्या. आमच्या एका झाडाला पंधराएक भेंड्या लागल्या होत्या. प्रत्येकीत पन्नास धरल्या तर एका बीपासून किती बिया? गुणाकाराचं असं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

पुढचा पाठ उगवणक्षमतेचा. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवायच्या आणि आठवड्याने उघडून बघायच्या. आठ मोडल्या तर उगवण 80 टक्के. पाचवीच्या मुलांना शेकडेवारी समजावताना आता मी हेच फडकं उघडते.

बी धरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

• पाकिटावर 'संकरित' किंवा 'हायब्रीड' लिहिलं असेल, तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देत नाही, गुण विखुरतात. बी धरायचं असेल तर गावरान किंवा सुधारित सरळ वाण घ्यावं. भेंडीचं 'परभणी क्रांती' हे वाण आपल्या शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठातलं. भेंडीची पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारं वाण म्हणून ते ओळखलं जातं.

• मेथी, चवळी, वाल, टोमॅटो यांचं परागीभवन बहुतेक त्यांच्या त्यांच्यातच होतं, म्हणून सुरुवात यांच्यापासून करावी. दोडका, कारलं, भोपळा यांचे पराग मधमाश्या नेतात. शेजारी दुसऱ्या जातीचा भोपळा असेल तर मिसळ होते.

• टोमॅटोचं बी गरासकट दोन दिवस भांड्यात ठेवून, मग धुऊन सावलीत वाळवावं. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपं आधी वेगळ्या वाफ्यात करून महिन्याभराने लावावीत.

• दुकानातलं गुलाबी किंवा निळं बी औषध लावलेलं असतं. ते लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि मोठ्यांनीही पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

• बी पूर्ण वाळल्यावरच राखेत घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावं. बाटलीवर नाव आणि तारीख मुलांनाच लिहायला लावावी.

आता आक्षेपांकडे येते. एक पालक मला म्हणाले, "आम्ही जन्मभर माती कालवली, लेकराला तरी वही-पेन धरू द्या." त्यांच्या बोलण्यातलं दुखणं मला कळतं. पण शेतकऱ्याच्या घरातल्या मुलालाही आज बी म्हणजे पाकीटच माहीत आहे. घरासमोर सोयाबीन आहे, पलीकडे हळद आहे, आणि भाजी मात्र आठवडी बाजारातून येते. आजीला माहीत असतं की पहिल्या बहरातला चांगला दोडका वेलीवरच वाळवून आढ्याला टांगायचा. नातवाला ते माहीत नाही, कारण कुणी त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. मी मुलांना गृहपाठ दिला, आजीला विचारून या की बी कसं राखायची. त्या दिवशी वह्या भरून आल्या. एका आजी तर स्वतःच शाळेत आल्या, पदराच्या गाठीत वालाचं बी घेऊन.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची गोष्ट आपण सगळे मुलांना सांगतो. त्या शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक त्यांनी उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण ती गोष्ट सांगून टाळ्या वाजवतो. मला वाटतं, टाळ्यांपेक्षा वर्गाच्या कपाटात बियांच्या पाच बाटल्या असणं जास्त गरजेचं आहे. आणि हे काही नियमाबाहेरचं नाही. शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी केंद्र सरकारने 2019 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. अहवाल, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं, यात बागेला वेळ कुठून काढायचा? खरं आहे. म्हणून मी म्हणते, बाग लहान ठेवा. दहा वाफे नकोत, दोन पुरेत. पण त्या दोन वाफ्यांचा गोल पूर्ण करा.

आणि एक कारण आहे, ते आपल्या भागातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की वर्गातली काही मुलं आईबापासोबत उसाला जातात. भेंडीला लाल दोरा बांधणारी मुलगी त्यातलीच. तिची भेंडी दिवाळीच्या तोंडावर वाळली. जाण्याआधी मी तिला वहीच्या कागदाच्या पुडीत वीस बिया दिल्या. ती गेली, हजेरीपटावर तिच्या नावापुढे रिकाम्या रकान्यांची ओळ लागली. उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिने दप्तरातून ती पुडी काढली. "मॅडम, तिथं कोपीजवळ लावायला जागा नव्हती. मग तशीच ठेवली." मोजल्या, वीसच्या वीस होत्या. जूनमध्ये त्या तिनेच लावल्या.

पुडीमुळे तिचं बुडालेलं शिक्षण भरून निघालं, असं मी म्हणणार नाही. ते नाही निघालं. वाचनात ती मागे पडली होती आणि तिच्यासाठी वेगळा वेळ द्यावाच लागला. पण पाच-सहा महिने तिच्याजवळ शाळेचं काहीतरी होतं आणि ते तिने जपलं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप तिला असं सोबत नेता आलं नसतं.

म्हणून माझी विनंती एवढीच. यंदा बी पावसाच्या सुरुवातीलाच लावा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी ते हाती येईल आणि जाणाऱ्या मुलांना देता येईल. पालकांनो, अंगण नसलं तरी फुटक्या बादलीत एक झाड होतं. मुलाला ते स्वतः लावू द्या, विसरला तर सुकू द्या, पुन्हा लावू द्या. आणि भाजी कितीही कमी निघाली तरी एक फळ झाडावर राहू द्या.

तुमच्या शाळेत किंवा घरी कुणी बी राखत असेल तर कसं राखता ते नक्की लिहा. आमच्या कपाटात अजून बाटल्यांना जागा आहे.