बंद शटरमागचे विष कोण मोजणार?

2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. सरकारला चौकशी पथक नेमावे लागले. शेतातले विष चार दिवसांत माणूस पाडते, म्हणून ते मोजले गेले. छपराखालचे विष दहा-पंधरा वर्षे घेते, म्हणून त्याची नोंदच होत नाही.

अकोल्यात आपली कितीतरी घरे गाड्यांचे पेंटिंग, फर्निचर पॉलिश, बॅटरी दुरुस्ती अशा कामांवर चालतात. रंगावर धूळ बसू नये म्हणून कारागीर शटर ओढून स्प्रे मारतो. थिनरची वाफ श्वासावाटे रक्तात जाते. डोके दुखते, चक्कर येते. गाडीच्या काही रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा जडतो. बॅटरीतल्या शिशाने रक्त कमी होते, पोट दुखते आणि कपड्यांवरून ते शिसे घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचते. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही.

हे ओळखता येते का? येते. इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सोय यांच्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण येत. त्यांनी रुग्णांचा धंदा विचारला. 1967 ते 1973 या काळात असे 26 रुग्ण चपला-बूट बनवणारे निघाले. बंद खोलीत वापरल्या जाणाऱ्या चिकटद्रव्यात बेन्झिन होते. एका साध्या प्रश्नाने कारण सापडले.

आपल्याकडे कायदा आहे. कामामुळे होणारे ठरावीक आजार डॉक्टरने सरकारला कळवायचे, हे 1948 च्या कारखाना कायद्यात होते. नव्या कामगार संहितेतही आहे. पण दोन-तीन कारागिरांचे दुकान कारखान्यात मोजले जात नाही. ईएसआयलाही साधारण 10 कामगार आणि 21 हजारांच्या आतला पगार लागतो. आजारी पडला की उपचाराचा खर्च घरावरच येतो.

म्हणून आम्ही म्हणतो, सरकारने अशा दुकानांतल्या कामगारांची तपासणी सर्वोपचार रुग्णालयात सुरू करावी. दुकानमालकांनी शटर उघडे ठेवावे, एक्झॉस्ट पंखा लावावा, वाफ रोखणारा मास्क द्यावा. कोवळ्या पोरांना या कामाला लावू नये. आणि अब्बा, भाई खोकत असतील तर डॉक्टरांना नुसता खोकला सांगू नका. ते काय काम करतात, किती वर्षांपासून करतात, हेही सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. रोजी हलाल आहे, पण जान सलामत राहणे हाही कामगाराचा हक्क आहे.