वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पहिली अंतर्गत परीक्षा झाली की दरवर्षी काही पालक हमखास भेटायला येतात. मुलगी बारावीपर्यंत वर्गात पहिली, ‘नीट’मध्ये उत्तम गुण, आणि आता ॲनाटॉमीत म्हणजे शरीररचनाशास्त्रात नापास. ‘डॉक्टर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते हो,’ आई सांगते. खरेच वाचत असते. अडचण त्या ‘वाचते’ या शब्दातच आहे.

या विषयाचा पसारा मोठा. हाडे 206, आणि प्रत्येक स्नायूचे चार प्रश्न: सुरू कुठे होतो, चिकटतो कुठे, नस कोणती, काम काय. 1997 पर्यंत पहिले एमबीबीएस दीड वर्षाचे होते. मग ते वर्षभरावर आले, आणि त्यातच शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्रही असते. मग मुले चौरसियांचे पुस्तक पिवळ्या-गुलाबी रेघांनी रंगवत चार-चार वेळा वाचतात. चौथ्या वेळी पान ओळखीचे वाटते आणि त्या ओळखीलाच ती ‘पाठ झाले’ समजतात. तोंडी परीक्षेत हातात हाड देऊन ‘हे उजवे की डावे?’ एवढे विचारले, की सगळे रंग उडून जातात.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना 61. आपल्याकडे पाढे कोणी वाचत बसत नसे, म्हणून दाखवावे लागत. घोकंपट्टीला आपण उठसूट नावे ठेवतो, पण तिच्यातला हा भाग पक्का होता.

लक्षात ठेवायच्या क्लृप्त्यांचे काय? ‘तानापिहिनिपाजा’वर वाढलेल्या मराठी मुलांना त्या शिकवाव्या लागत नाहीत. मनगटाची आठ हाडे, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, सगळ्यांसाठी चावट-सभ्य इंग्रजी वाक्ये तयार आहेत. त्यांनी क्रम लक्षात राहतो, जागा राहत नाही. जी क्लृप्ती चित्र उभे करते तीच पुढे कामाला येते. ‘पुलाखालून पाणी’ म्हटले, की गर्भाशयाची रोहिणी वरून आणि मूत्रवाहिनी खालून जाते हे डोळ्यांसमोर येते. गर्भाशय काढताना रोहिणी बांधणाऱ्या सर्जनला नेमके तेच हवे असते, कारण मूत्रवाहिनी तिथेच दुखावण्याची भीती असते.

1858 मध्ये लंडनहून निघालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. त्यांनी अवयवांची नावे बाजूला, बाणाच्या टोकाशी न लिहिता थेट त्या-त्या अवयवावर लिहिली. नाव आणि जागा एकत्र. हेच कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवू लागले. मी मुलांना सांगतो: पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या, चित्र काढा, नावे कार्टरसारखी लिहा. मग पुस्तक उघडा आणि चुका लाल शाईने दुरुस्त करा. चित्र बेढब आले तरी चालेल. तेच तीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा.

मराठी माध्यमातून आलेली मुले त्या लांबलचक नावांनी दबून जातात. पण आपल्या सातारकर-नगरकरांसारखीच त्या नावांत पुष्कळदा गावे असतात. मानेवरचा ‘स्टर्नोक्लायडोमास्टॉइड’ घ्या: छातीचे मधले हाड, गळपट्टीचे हाड आणि कानामागचा उंचवटा. तिन्ही पत्ते नावातच. हे मैत्रिणीला मराठीत समजावून सांगता आले, तर ते समजले म्हणावे.

यात गुणांपलीकडचे काही आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचे एक टोक बोटाला लागते. त्याच्या मानेभोवती एक नस अगदी कातडीखालून वळते. रात्री तीन वाजता अपघात विभागात घातलेले प्लास्टर तिथे आवळले, तर पाऊल लुळे पडू शकते. तेव्हा कोणी पान उलटत बसत नाही.

नियमानुसार पहिल्या वर्षाची परीक्षा चारच वेळा देता येते, म्हणून या मुलांना पहिल्या धड्यातच सावरायला हवे. महाविद्यालयांनी दर आठवड्याला पाच मिनिटांची, गुण न मोजणारी चाचणी घ्यावी; त्याला पैसे लागत नाहीत. वर्गात दीडशे-दोनशे मुले असतात, विच्छेदनाच्या टेबलाभोवती मागे उभ्या असलेल्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. त्यांना आळीपाळीने पुढे आणून बोलते करावे. पालकांनीही ‘किती तास वाचलेस?’ऐवजी ‘आज काय शिकलीस, मला सांग’ म्हणावे.

आणि स्वतःचे शरीर आहेच. अंगठा ताणून वर करा. मनगटाशी, अंगठ्याच्या मुळापाशी एक खळगा दिसेल. जुन्या काळी त्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, म्हणून इंग्रजीत त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड आहे. पडताना हात टेकला, तर मनगटातले बहुधा हेच मोडते. पहिल्या एक्स-रेत ते फ्रॅक्चर पुष्कळदा दिसत नाही. त्या खळग्यात बोट दाबले की रोगी हात मागे ओढतो.