गळ्यातलं लॉकेट आणि कानातला आवाज



आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. कुणाला लागलं तर आधीच क्षमा मागते.

गेले काही महिने आपल्या महिला मंडळात एक लॉकेट फिरतं आहे. किंमत 2200 रुपये. विकणारी आपल्यातलीच, म्हणून प्रश्न कुणी विचारत नाही. सांगितलं जातं ते असं: नातवाच्या कानातल्या इयरबडमधून, सुनेच्या मनगटावरच्या स्मार्टवॉचमधून घातक लहरी निघतात, त्यांनी मेंदूत गाठ होते; लॉकेट घाला, निश्चिंत व्हा. मी घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका.

मी कॉमर्सची, म्हणून आधी हिशेब. लहरी निघतात हे खरंच आहे, पण किती? कानातल्या ब्लूटूथची शक्ती साधारण 1 ते 10 मिलिवॉट. हातातला मोबाइल लांबच्या टॉवरशी बोलताना 200 मिलिवॉटपर्यंत जातो. म्हणजे फोन कानाला चिकटवून तासभर बोलणारी सासू इयरबडवाल्या सुनेला घाबरवते, हा उलटा हिशेब झाला! फोनसाठी आपल्या देशात 2012 पासून किलोमागे 1.6 वॉटची मर्यादा आहे. *#07# दाबा, तुमच्या फोनचा आकडा तुम्हालाच दिसेल.

या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. पेशींतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. जोर वाढला तर थोडी ऊब येते, इतकंच. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना 'कदाचित' या गटात टाकलं, आणि विकणारे तेवढंच सांगतात. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, ते सांगत नाहीत. 2024 मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही, तेही सांगत नाहीत.

आता लॉकेटकडे या. ते लहरी खरंच अडवत असेल तर फोन लागणारच नाही. फोन नेहमीसारखा लागत असेल तर ते काहीच अडवत नाही. मधला मार्ग कुठला? उलट, अडथळा आला की फोन जास्त जोर लावतो. आणि डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या किरणोत्सर्ग सुरक्षा प्राधिकरणाने अशी 10 उत्पादनं वापरू नका म्हणून जाहीर केलं. त्यांत लॉकेटं होती, लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं. कारण ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली! संरक्षण म्हणून विकत घेतलेलीच वस्तू चोवीस तास छातीवर धोका होऊन बसली.

आपल्याकडे ज्ञानाचे तीन दोष सांगितले आहेत. संशय म्हणजे डळमळणं, विपर्यय म्हणजे उलटंच धरून बसणं, आणि अनध्यवसाय म्हणजे 'असेल काहीतरी' म्हणून नीट विचारच न करणं. लॉकेटचा धंदा या तिसऱ्या दोषावर चालतो.

मग इयरबड अगदी निर्दोष का? मुळीच नाही. पण दोष लहरींत नाही, आवाजात आहे. 12 ते 35 वयातल्या 100 कोटींहून जास्त मुलांची श्रवणशक्ती मोठ्या आवाजामुळे धोक्यात असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. नातू शेजारी बसलेला असताना तुमची हाक त्याला ऐकू जात नसेल, तर लॉकेट शोधू नका, आवाज कमी करायला सांगा.

दुसरी गोष्ट, ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांनी नीट वाचा. नव्या फोनमध्ये, घड्याळात आणि इयरबडच्या डबीत चुंबक असतात. त्यामुळे ही उपकरणं पेसमेकरपासून 6 इंच दूर ठेवा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्येच सांगितलं आहे. आजोबांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन आजच काढा. लॉकेटवाल्या बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली का?

तिसरं, सामायिकाची 48 मिनिटं मनगटावर टिंग टिंग वाजत असेल तर त्या घड्याळाने आपलं नुकसान केलंच. ते मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळ काढून ठेवायचं. रात्री झोपतानाही तेच. तरीही लहरींची भीती वाटत असेल तर उपाय फुकट आहे, अंतर! अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो.

चौघांच्या घराला चार लॉकेटं म्हणजे 8800 रुपये. तेवढ्यात कुणा गरजूची महिन्यांची औषधं होतील. औषधदान आपल्या चार दानांत आहे. अज्ञानाला दिलेले पैसे कुठल्याच दानात बसत नाहीत.