जावरचे जस्त : वारसा ढिगाऱ्यातही असतो

१/७
खनिज तापवावे आणि वितळलेला धातू भट्टीच्या तळाशी साचावा, ही धातू काढण्याची परिचित रीत. तांबे आणि शिसे याच वाटेने हाती येतात. जस्त मात्र येत नाही.

२/७
जस्ताच्या भस्मातून कोळशाच्या साहाय्याने धातू वेगळा करण्यास सुमारे १००० अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमान लागते. जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे हा धातू जन्मतो तोच वाफेच्या रूपात. त्या तप्त वाफेला हवा लागली, की तिचे पुन्हा पांढरे भस्म होते.

३/७
उदयपूरच्या दक्षिणेस, अरवलीतील जावर येथे मध्ययुगातच यावर तोड निघाली. वांग्याच्या आकाराचे मातीचे पात्र, आत भाजलेल्या खनिजाच्या मिश्रणाच्या गोळ्या, तोंडाला मातीची लांब नळी आणि मधोमध एक बारीक काडी. पात्र उलटे केले तरी काडीमुळे गोळ्या सांडत नसत. काडी जळून गेली, की तिच्याच जागी वाफेला वाट मिळे.

४/७
अशी ३६ पात्रे एका भट्टीत सच्छिद्र तळावर उलटी बसवीत. वर आग, खाली थंड कोठी. वाफ नळीतून खाली उतरे, निवे आणि धातू होऊन ठिबके. एकाच पात्राच्या दोन टोकांना दोन भिन्न तापमाने राखणे, हे या विद्येचे मर्म.

५/७
‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वृंताक-मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराचे पात्र, वर्णिलेले आहे. त्याचा दाखला अभिमानाने दिला जातो. परंतु ग्रंथातील एका पात्रापासून ३६ पात्रांच्या भट्टीपर्यंतची मजल कुंभार, खाणकामगार आणि भट्टी राखणाऱ्यांच्या हातांनी गाठली. त्या हातांची आठवण क्वचितच निघते.

६/७
ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ साली जस्त काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरे. एवढ्यावरून ‘विद्या चोरली’ असा गजर होतो. साम्य म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे. आणि जावरच्या थोरवीला त्या आरोपाची गरजही नाही. १९८० च्या दशकात उत्खननात मिळालेल्या भट्ट्या पुरेशा बोलक्या आहेत.

७/७
वापरून टाकलेली ती पात्रे जावरला ढिगांनी पडलेली आहेत. काही घरांच्या भिंतींतही रचलेली दिसतात. भट्टी किती तापली, मिश्रणात काय होते, हे त्या जळक्या मातीवरून आजही वाचता येते. ढीग उपसला गेला, की ते वाचन कायमचे थांबते. मंदिरांना आणि किल्ल्यांना मिळणारे संरक्षण या ढिगाऱ्यांनाही मिळाले पाहिजे. त्यावाचून प्राचीन विज्ञानाचा अभिमान पोकळच राहील.