कंपनी तिकडं, जात इकडं

कामरगावच्या रोडवर आपल्या पोरानं चहाची टपरी टाकतो म्हटलं की पहिला सवाल : कोनाचा रे तू? मग जागा नसते. एस्टोनिया हा देश तसं विचारत नाही. डिसेंबर 2014 पासून तो परक्या माणसाला एक डिजिटल कार्ड देतो. तिथं पाय न ठेवता कंपनी काढा. 2500 युरो किमान भांडवलाची अट होती, ती 2023 मध्ये गेली.

च्यायला, मी हुरळलो. मग कागद वाचले. कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, व्हिसाही नाही. बँक खातं देईलच असं नाही. कामरगावात बसून कंपनी हाकली तर इथला इन्कमटॅक्स सुटत नाही.

परक्या मुलखात कंपनी काढणं जुनंच. किलिक निक्सन 1857 साली मुंबईत ब्रिटिशांनीच काढली. तिनं उभ्या केलेल्या रेल्वेनं, आपल्या शकुंतलेनं, कारंज्यावरून वऱ्हाडचा कापूस ओढला. साहेबाला कोणी 'कोनाचा रे तू' म्हटलं नाही. बाबासाहेब कोलंबियात शिकून आले, मुंबईत शेअर-सल्ल्याचा धंदा टाकला. जात कळली, गिऱ्हाइकं पळाली. शिक्षण कमी पडलं होतं काय?

कार्ड घ्या, कंपनी जरूर काढा. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाला आडनावातली जात वाचता येत नाही, तेवढा श्वास मोकळा. पण याला मुक्ती म्हणायला मी तयार नाही. मला टपरीची जागा पाहिजे. कामरगावात, रोडवर, माझ्या आडनावाच्या पाटीसकट.