पंधरा बाय चाळीस

मी कॉन्व्हेंटची, मराठी सांभाळून घ्या! यवतमाळच्या जुन्या वस्तीतल्या आजोबांच्या घराची वाटणी झाली. आमच्या वाट्याला १५ बाय ४० फुटांची, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींत अडकलेली जागा आली. बाबा म्हणतात, "विकू, आणि गावाबाहेर लेआउटमध्ये प्लॉट घेऊ." सिव्हिलची विद्यार्थिनी म्हणून माझा विरोध आहे.

लेआउट म्हणजे कापसाचं वावर एनए करायचं आणि मग रस्ता, नळ, नालीची वाट बघत बसायचं. इथे सगळं दारात आहे. आजीचा दवाखानासुद्धा चालत पाच मिनिटांवर!

अडचण हवा-उजेडाची. सगळी जागा बांधून काढली, की मधली खोली अंधारकोठडी. म्हणून नकाशात मागेपुढे थोडी जागा आणि मध्ये १० बाय ८ चा चौक सोडला, जुन्या वाड्यासारखा. तापलेली हवा वरून निघून जाईल. दर्शनी भिंत लॉरी बेकर वापरायचे तशी रॅट-ट्रॅप बाँडची. आत पोकळी राहते, त्यामुळे ऊन उशिरा पोचतं आणि विटाही साधारण २५ टक्के कमी लागतात.

२०१८ ची पाणीटंचाई आठवते? निळोणा, चापडोह तळाला गेले होते. ४० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,००० लिटर पाणी. टाकी चौकाखाली!

कार ठेवायला जागा नाही, हे कबूल. पण कार आहे कुणाकडे?

बाबा अजून "बघू" म्हणतात. आजी मात्र नकाशा पाहून म्हणाली, "आंगन ठेवलं न पोरी, मंग झालं!"