हेतू पारखून घ्यावा

ऑगस्ट २०१९. पंचगंगेचे पाणी चढत असताना कोल्हापुरातील एखादे कुटुंब म्हणते, ‘२००५ च्या महापुरात आमच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही, म्हणून यंदाही लागणार नाही.’ या युक्तिवादाची परीक्षा कशी करावी?

आचार्य माणिक्यनंदींनी ‘परीक्षामुख’ या सूत्रग्रंथात कसोटी दिली आहे. साध्याशी ज्याचा अविनाभाव निश्चित आहे, म्हणजे साध्यावाचून जो असूच शकत नाही, तोच हेतू. धूर अग्नीवाचून नसतो. म्हणून धूर हा हेतू. उदाहरणाला ते अनुमानाचे अंग मानत नाहीत. नवशिक्याला समजावण्यापुरताच त्याचा उपयोग.

२००५ चा कोरडा उंबरा आणि २०१९ चे घरात शिरलेले पाणी, दोन्ही एकत्र संभवतात. तसेच घडले, २०१९ च्या पुराने २००५ ची पातळी ओलांडली. जुना अनुभव खरा होता. परंतु तो उदाहरण होता, हेतू नव्हे.

आता मुलांसमवेत हे वाक्य तपासावे : ‘शेजारी घर सोडून गेले नाहीत, म्हणून धोका नाही.’ शेजारी थांबण्याचे दुसरे एक जरी कारण संभवले, तरी हा हेतू टिकत नाही. हे वेळीच उमगले, तर राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी येण्यापूर्वीच घरातील वृद्धांना सुरक्षित स्थळी नेता येते.